संकटपेटीची मेजवानी

ओढ्यापलीकडच्या माळावर एकदा एका व्यापाऱ्याने हातकागदाचा कारखाना काढला. तेथे एक वृद्ध कारागीर होते. सारे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्याच हाताखाली शिकलेली त्यांची शिष्या आता कारखान्याची देखरेख करत असे. मोठी दक्ष बाई. कामात तिच्याकडून तसूभरही चूक होत नसे.

गतवर्षी ओढ्याला पूर आला, ये-जा करायचा एकुलता साकव पाण्याखाली गेला आणि वीस माणसे दीड दिवस कारखान्यात अडकून पडली. खायला दाणा नव्हता. एकाचा हात कापला, तर बांधायला स्वच्छ फडके सापडेना. व्यापाऱ्याच्या मनाला ते फार लागले. तो शिष्येला म्हणाला, "पुन्हा माझ्या माणसांवर अशी वेळ येता कामा नये."

तिने महिनाभर खपून एक सागवानी पेटी भरली. फुटाणे, गूळ, औषधे, पट्ट्या, कंदील, दोरखंड. ओल लागू नये म्हणून ती उंच फळीवर ठेवली, कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोचली. व्यापारी प्रसन्न झाला. गुरुजी मात्र नुसते हसले.

आठच दिवसांनी, लख्ख उन्हाच्या दुपारी, गुरुजींनी काम थांबवले. शिष्येला म्हणाले, "तू जरा अंगणात जाऊन बस. आत यायचं नाही, काही सांगायचंही नाही." मग ते कारागिरांकडे वळले. "ती संकटपेटी उघडा आणि आतला खाऊ संपवून टाका."

"गुरुजी!" शिष्या कळवळली. "आणि उद्या पूर आला तर?"

"आला तर येईल. तू बस."

ती खिडकीतून पाहत राहिली. किल्ली कोणाकडे असते हेच कोणाला ठाऊक नव्हते. अखेर कोयंडा उपटावा लागला. पेटी खाली उतरवताना तिघांची त्रेधा उडाली. कंदिलात तेल नव्हते. कारागिरांतल्या वृद्ध गोदाक्काने फुटाण्यांची मूठ भरली आणि बोळके पसरून म्हणाली, "अगं बाई, हे चावू कशाने? दात उसने आणू काय?"

मग गुरुजींनी लटक्या जखमा वाटल्या. कोणाचा गुडघा फुटला, कोणाचे कपाळ. एकमेकांना पट्ट्या बांधा म्हणाले. इलाहीभाईंनी कपाळाला बांधलेली पट्टी घसरून नाकावर आली आणि सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. खिडकीबाहेर शिष्येलाही हसू आवरेना. पण आत कोठेतरी टोचतही होते.

माणसे घरी गेल्यावर गुरुजी तिच्याजवळ येऊन बसले.

"तू मनापासून काम केलंस, बाळ. पण सगळी तयारी तुझ्या एकटीजवळ राहिली. पुराच्या दिवशी तू इथे असशीलच असं नाही. आणि भेदरलेल्या माणसाला त्या वेळी काही शिकवता येत नाही. म्हणून आज हसत असतानाच शिकवून घेतलं."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून तिने विचारले, "काय काय हवं, तुम्हीच सांगा." गोदाक्काने सातूचे पीठ मागितले. कोणी दम्याच्या औषधाची आठवण करून दिली. पेटी दाराशी, हाताला येईल अशी ठेवली, कुलूप न लावता. दर दोन महिन्यांनी पेटीतला खाऊ संपवून ती नव्याने भरायची, अशी मेजवानी ठरली, आणि त्या दिवसाची लोक सणासारखी वाट पाहू लागले.

श्रावणात ओढा फुगला तेव्हा शिष्या कामासाठी गावात गेली होती. साकव बुडाला. दिवसभर ती काठावर ताटकळत उभी राहिली. पाण्याच्या आवाजात पलीकडचे काही ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाणी ओसरले आणि ती धावत सुटली. कारखान्यात वीसही माणसे धडधाकट होती. एकाच्या पोटरीला खिळा लागला होता. इलाहीभाईंनी बांधलेली पट्टी तसूभरही हलली नव्हती. कोपऱ्यात दोघी भेंड्या लावून गात होत्या.

"घाबरला होतात का रे?" तिने विचारले.

"वेळच कुठे मिळाला?" इलाहीभाई म्हणाले. "ज्याचं त्याचं काम ठरलेलं!"

गोदाक्काने तिचा चिखलाने भरलेला पदर पाहिला. "आणि तू गं? कालपासून पोटात काही गेलंय का? बस आधी."

शिष्या त्यांच्यामध्ये बसली. तिला इतकी कडकडून भूक यापूर्वी कधी लागली नव्हती, आणि इतके निश्चिंतही कधी वाटले नव्हते.