बांधाआडचे ढीग

"म्हशींचा ढीग चौपट उंच आहे, मग पाण्याच्या पाळ्याही त्यांना चौपट," कोल्हा शेळ्यांवर खेकसत होता.

तेव्हा रानात माणूस नव्हता. तळ्याचं पाणी कौल घेऊन वाटत. प्रत्येकाने म्हशींच्या नाहीतर शेळ्यांच्या ढिगावर एक धोंडा टाकायचा. ढिगांची जागा कोल्ह्याने ठरवली होती, बांधाच्या आड; धोंडे अलीकडूनच पलीकडे टाकायचे. अलीकडून दिसत होती ती फक्त वरची टोकं.

"एवढ्याशा पाण्यावर आमची पिल्लं जगायची नाहीत हो," शेळी म्हणाली.

"मी काय करू? स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

बांधातल्या बिळातून म्हातारी घोरपड फणफणत वर आली. "मेल्या, मी पलीकडून बघून आलेय. दोन्ही ढीग जवळजवळ सारखे आहेत. बुडखे झाकून शेंडे मोजायला लावतोस?"

"आजी, मी एक तरी धोंडा हलवलाय का?"

"नाही हलवलास. म्हणून तर तुझी जास्त चीड येते."

कोल्हा हसला. तशी घोरपड म्हणाली,

"उद्या तुला गळ्यापर्यंत चिखलात उभा करते आणि साऱ्या रानाला दाखवते, की कोल्हा म्हणजे नुसतं डोकं, त्याला पोटच नाही, तर त्याला पाणी कशाला."