चिमीची धास्ती

फार जुनी गोष्ट आहे, निदान एका बोटाच्या मानाने. त्या बोटातल्या रक्तात चिमी नावाची प्लेटलेट वाहत होती. हाडाच्या मज्जेतल्या एका अगडबंब पेशीचा तुटलेला टवका, एवढंच तिचं कूळ. "बिनडोक टवका!" लाल पेशी चिडवायच्या. तिला केंद्रक नव्हतं हे खरं. लाल पेशींनाही नव्हतं, पण त्या संख्येने जास्त होत्या.

चिमीला एकच धास्ती होती. आपण भलत्या जागी चिकटलो, तर रस्ता बंद आणि बोटाच्या मालकीणबाई खलास!

एके दिवशी भाजी चिरताना विळी लागली आणि शिरेची भिंत फाटली. "बाहेर हवा आहे गं!" म्हणत लाल पेशी उड्या टाकू लागल्या. थोड्याच वेळात त्या किंचाळल्या, "अगं, सांडतोय आम्ही! काहीतरी कर!"

चिमीने कड चाचपली. रोजची भिंत गुळगुळीत, ही खरखरीत. हीच जागा असेल? नसली तर? शेवटी तिने अंगाबाहेर काटे काढले, कडेला घट्ट चिकटली आणि ओरडली, "या गं बायांनो!" बाकीच्या प्लेटलेट धावत येऊन तिला बिलगल्या, त्यांच्यावर धाग्यांचं जाळं विणलं गेलं आणि धार थांबली.

बाहेर मालकीणबाई शेजारणीला म्हणाल्या, "काही नाही हो, आपोआप थांबलं."

"ऐकलंस?" जाळ्यात अडकलेली लाल पेशी फणकारली. "आपोआप म्हणे!"

"ते राहू दे गं," चिमी कुजबुजली. "जागा बरोबर होती ना?"