माहेरी गेलेली कंकरी

उंबरझऱ्याच्या झरीआईच्या देवळात शिरताना शेवटच्या पायरीवर जरा थांबावं. दगडात एकात एक असे तीन चौकोन कोरलेले दिसतात. ती नवकंकरी. दोघांनी खेळायचं, आपल्या तीन कंकऱ्या, म्हणजे खडे, एका ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. देवळातल्या गुरवीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला याच पायरीवर बसवून सगुणेची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, वरची वाडी आणि खालची वाडी झऱ्याच्या पाण्यावरून हातघाईवर आल्या होत्या. येणंजाणं तुटलं. सगुणा वरच्या वाडीची लेक, खालच्या वाडीची सून. तिची आई अंथरुणाला खिळलेली. माहेरचं कौलारू छप्पर अंगणातून दिसायचं, पण वाट बंद. मग ती झरीआईला नवस बोलली: आईचं तोंड दिसेपर्यंत मंगळवारी अळणी खाईन.

शेवटी दोन्ही वाड्यांनी ठरवलं, देवीच्या पायरीवर डाव मांडायचा. जिंकेल त्याचा झरा. वरच्या वाडीकडून सगुणेचा भाऊ हैबती काळ्या कंकऱ्या घेऊन बसला, खालच्या वाडीकडून तिचा सासरा राघोजी पांढऱ्या. उचललेल्या कंकऱ्या पदरात धरायला सगुणेला बसवलं, कारण ती दोन्हीकडची.

राघोजी चाल करायला फार वेळ लावी.

"पाव्हणं, खेळताय का डुलकी काढताय?" हैबती म्हणाला.

"तुझी चाल बघून झोपच येते रे!" म्हणत राघोजीनं ओळ जुळवली आणि काळी कंकरी उचलली. "ही मेली!"

सगुणेच्या डोळ्यांपुढे आई आली.

"मामंजी, मंगळवार आहे. देवीच्या दारात मेली नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"वरच्या वाडीची ना ती? माहेरी गेली म्हणा."

जिंकायच्या भरात राघोजी हसला आणि खड्या आवाजात म्हणाला, "बरं बाई, माहेरी गेली!"

झरीआईच्या पायरीवर उच्चारलेला शब्द देवीनं ऐकलेला असतो, तो मागे घेता येत नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक. आपण काय बोलून बसलो ते सगुणेलाही आत्ता उमगलं. तिच्या मनात कावा नव्हता. देवीनंच तिच्या तोंडून वदवलं, असं सांगतात.

"पाव्हणं," हैबती हळूच म्हणाला, "कंकरीला कुठलं माहेर? कोण गेली माहेरी?"

राघोजीचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं गाभाऱ्याकडे पाहिलं, मग पदर घट्ट धरून बसलेल्या सुनेकडे.

"सूनबाई, ऊठ," तो अखेर म्हणाला. "विहीणबाईंना सांग, आम्ही विचारलंय. आणि हे बघ, झऱ्याचं पाणी सोबत ने. वरच्या वाडीत हल्ली आटलंय म्हणे."

ते ऐकून हैबतीनं मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी पटावरच्या कंकऱ्या एकत्र करून डाव मोडला. सकाळचं पाणी वरच्या वाडीला, संध्याकाळचं खालच्या, असं तिथंच ठरलं. सगुणा झऱ्याची भरली घागर घेऊन चढ चढली. आईनं त्या पाण्याची पेज घेतली आणि लेकीला मिठाचा घास भरवला.

आजही उंबरझऱ्यात कंकरी मरत नाही. श्रावणातल्या मंगळवारी नव्या सुना सासऱ्यासमोर डाव मांडतात आणि मुद्दाम एक कंकरी गमावतात. सासऱ्यालाही ते कळतं. तो ती उचलतो, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असा तोच शब्द उच्चारतो. सुनेची पिशवी मात्र सकाळीच भरून झालेली असते.