नदीच्या चिन्हाचा तिसरा फटकारा

एका राज्यात लिहिलेले खरे होत असे. म्हणजे कोणीही उठावे आणि लाडू लिहून खावेत, असे नव्हे. तसे असते तर ते राज्य केव्हाच अजीर्णाने आटोपले असते. तिथे अक्षरे नव्हती, चिन्हे होती. डोंगराचे एक, अग्नीचे एक, गाईचे एक. ती कुंचल्याने लिहीत, आणि त्यांतल्या काहींत एका जुन्या मांत्रिकाने प्राण घातले होते. नदीचे चिन्ह त्यांपैकीच. उगमापाशी एका पांढुरक्या शिळेवर ते लिहिलेले असे. पावसापाण्याने पुसट होई, म्हणून दर बारा वर्षांनी राजलेखकाने ते नव्याने लिहायचे. नियम एकच होता. एकदा उमटलेल्या रेघेला पुन्हा कुंचला लावायचा नाही. जाड झाली तर जाड, वाकडी झाली तर वाकडी.

राजलेखक भूरिदत्त चाळीस वर्षे शिष्यांना हाच नियम शिकवत आला होता, आणि त्यानेच तो मोडला. नदीच्या चिन्हाला तीन उभे फटकारे. दोन झोकात उतरले. तिसरा मध्येच बारीक झाला. पाठीशी राजा प्रतर्दन उभा, त्याच्या पाठीशी सारा दरबार. भूरिदत्ताने कुंचल्याचे टोक हळूच टेकवले आणि रेघ भरून काढली. तिळाएवढी शाई लागली असेल.

नदी थांबली. धबधबा कड्यावरून निम्मा उतरला होता, तो तसाच हवेत लटकून राहिला. भूरिदत्ताची बोटे काळी पडली, दगड झाली, आणि त्यांतला कुंचलाही दगड झाला.

शिळेच्या मागल्या अंगाला मांत्रिकाचा शाप कोरलेला होता. राजाने तो मोठ्याने वाचला. “जो रेघ सुधारील, त्याचा हात शिळा होईल. महिनाभरात शिळा काळजाला भिडेल. त्याच्या रक्ताच्या माणसाने स्वतः मिळवलेल्या कुंचल्याने आणि शाईने चिन्ह नव्याने लिहिले, तर शाप सुटेल. चुकले, तर दोघेही शिळा.”

भूरिदत्ताच्या रक्ताचे या जगात एकच माणूस होते, त्याची मुलगी मेखला. ती बापाची शाई उगाळी, कुंचले धुई, फावल्या वेळात लिहीही. पण बाप म्हणे, “पोरी, तुझा हात घाईचा.” आणि ते खरे होते.

“मी लिहीन, महाराज,” मेखला म्हणाली.

“भय वाटत नाही?”

“फार वाटते.”

“मग जा,” राजा म्हणाला. “उरलेले दिवस तुझे.”

वाटेत एका वाळक्या फांदीवर निळा खंड्या बसला होता. तो म्हणाला, “मासे त्या थिजलेल्या पाण्यात अडकले आहेत आणि मी उपाशी आहे. तुला बाप हवा, मला न्याहारी. चल, वाट दाखवतो.” पक्षी बोलला याचे मेखलेला नवल वाटले नाही, त्या राज्यात पक्षी बोलत, आणि बहुधा खाण्याविषयीच बोलत.

पहिल्याप्रथम तो तिला एका गुहेत घेऊन गेला. तिथे एक म्हातारे मुंगूस शापित खजिन्यावर वेटोळे करून बसले होते. जो माणिक उचली तो त्याच क्षणी माणिक होई, त्यामुळे ढीग वाढतच चालला होता.

“घे हवे तेवढे,” मुंगूस म्हणाले.

“मला तुमच्या शेपटीचे केस हवेत. चिमूटभर. कुंचल्यासाठी.”

मुंगसाने वेटोळे सोडले. “सातशे वर्षांत कोणी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी शेपटी पुढे केली. मेखलेने केस निवडले, लांब आत, आखूड बाहेर, आणि वेळूच्या नळीत बांधले. कुंचल्याचे टोक काट्यासारखे जुळून आले.

दुसरी पाळी चेटकिणीची. तिच्या झोपडीत एक दिवा हजार वर्षे तेवत होता. त्याची काजळी सरसात मळून तिने कांडी वळली होती. तिने मेखलेपुढे सहाण ठेवली, वर चमचाभर पाणी घातले.

“उगाळ. शाईत स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला की ती तुझी.”

मेखलेने कांडी धरली आणि कामाला लागली. बापाची खांद्याकडे चढणारी शिळा डोळ्यांपुढे होती, म्हणून ती भराभर घाशी. शाई खरखरीत झाली. चेटकिणीने ती ओतून दिली. दुसऱ्या दिवशीही ओतली. सहाव्या दिवशी मेखला रडकुंडीला आली.

“तात मरताहेत, आजी!”

“घाईने ते कमी मरतील का?” चेटकीण म्हणाली. “कांडी दाबू नकोस. नुसती फिरव.”

सातव्या दिवशी मेखलेने दिवस मोजायचे सोडले. कांडी गोल फिरत राहिली, श्वास तिच्याबरोबर फिरू लागला, आणि केव्हातरी सहाणेवरच्या काळ्या पाण्यातून तिचाच चेहरा वर पाहू लागला. तो चेहरा तिला वाटला होता तेवढा घाबरलेला नव्हता.

तिसरी पाळी खुद्द खंड्याची. कोरड्या पात्रातल्या सपाट खडकांपाशी तो थांबला. “आता लिही. शाईने नाही, कुंचला खळग्यातल्या पाण्यात बुडवून.”

मेखलेने चिन्ह लिहिले. उन्हाने ते लगेच वाळून गेले. पुन्हा लिहिले, पुन्हा गेले. एकदा रेघ बिघडली म्हणून ती दुरुस्त करायला वाकली, तोवर दुरुस्त करायला काही उरलेच नव्हते.

“मी माशावर झडप घालतो,” खंड्या म्हणाला, “चुकलो तर हवेत मागे वळून ती सुधारता येत नाही. बरे, पुढचे लिही.” पक्षी असून बोलला मात्र शहाण्यासारखे. मेखला पाच दिवस लिहीत राहिली, आणि त्या खडकांवर तिच्या कष्टांची एक खूणही राहिली नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, ती शिळेपाशी आली. भूरिदत्ताला खुर्चीत बसवून आणले होते. शिळा गळ्याच्या हाडापर्यंत आली होती आणि तो तुटक तुटक श्वास घेत होता. मेखलेने जुने चिन्ह पुसले, कुंचला उभा धरला आणि पहिला फटकारा ओढला. दुसरा ओढला. तिसरा अर्ध्यात आला आणि कुंचल्यातली शाई सरली. पुढची रेघ फाटली. काळ्यातून शिळेचे पांढुरके अंग पट्ट्यापट्ट्यांनी दिसू लागले. मेखलेने हात थांबवला नाही. तशाच कोरड्या कुंचल्याने रेघ शेवटाला नेली आणि उचलली.

लोकांत कालवा झाला. “तुटली! भर, भर!”

राजा पुढे आला. “रेघ अपुरी आहे. भरून काढ. ही आज्ञा आहे.”

“नाही, महाराज.”

“पोरी!” भूरिदत्त ओरडला. ज्याने जन्मभर नियम शिकवला, तोच आता लेकीच्या जिवासाठी हात जोडू पाहत होता आणि शिळा झालेला हात हलत नव्हता. “एकच ठिपका! माझे ऐक. माझे राहू दे, तू तरी वाच!”

कुंचल्यात नवी शाई घ्यायला क्षणही लागला नसता. तिने कुंचला पाण्यात बुडवला, धुतला आणि टोक जुळवून बाजूला ठेवला.

“तात, झाले ते झाले. ती अशीच आहे.”

तिच्या बोटाला गार लागले. शिळा चढू लागली, असे तिला वाटले. तिने डोळे मिटले. मग दुसऱ्या बोटालाही गार लागले, आणि गालाला, आणि कपाळाला. ते तुषार होते. कड्यावर लटकलेले पाणी कोसळत होते, आणि ज्या पट्ट्या शिळेवर कोऱ्या राहिल्या होत्या, तशाच पांढऱ्या पट्ट्यांनी ते फेसाळून उसळत होते. खंड्या कोणाचा निरोप न घेता पाण्यात घुसला.

मेखला धावत बापापाशी गेली. गळा मोकळा झाला होता, खांदा झाला, कोपर झाले. शेवटी बोटे सुटली आणि थरथरू लागली. ती थांबेनात.

“अजून शाप आहे का?” तिने घाबरून विचारले.

“नाही ग,” भूरिदत्त मान खाली घालून म्हणाला. “हा थरकाप गेल्या दोन वर्षांपासूनचा आहे. त्यानेच रेघ बारीक झाली. महाराजांना कळू नये म्हणून मी ती भरली.”

राजा प्रतर्दन खाली वाकला. त्याने मेखलेने धुऊन ठेवलेला कुंचला उचलला आणि स्वतःच्या हाताने म्हाताऱ्याच्या हातात दिला.

“राजलेखक, तुमचे नाव लिहा. जसे येईल तसे.”

मेखलेने बापाचा हात धरायला आपला हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. भूरिदत्ताने कोरड्या खडकावर ओल्या कुंचल्याने थरथरत एक रेघ ओढली, तिच्याकडे पाहिले, आणि दुसरी सुरू केली.