घाटावरची खोली

“...मग विसोबालाच का, बुवा? मी काय घोडं मारलंय?”

मठाचे गुरू नरहरबुवा सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

मार्तंड हा माणदेशातल्या उघड्याबोडक्या माळावरून आलेला शिष्य. कृष्णाकाठचं हे जुनं गाव पाहिलं आणि खुळावलाच. काळ्या दगडांचे घाट, देवळांची रांग, पहाटे पाण्यावरून येणारा घंटांचा आवाज! पण मठानं त्याला खोली दिली वरच्या आळीत, तेल्याच्या घाण्यामागं. आणि त्याच्याच बरोबर अनुग्रह घेतलेल्या विसोबाला मात्र घाटावरची. दार उघडलं की समोर नदी.

तेव्हापासून मार्तंडाच्या पोटात दुखत होतं.

“जपाला बसलो की विसोबाची खोली दिसते, बुवा. तो उठतो कृष्णामाईच्या मांडीवर. मी उठतो तेल्याच्या बैलापाशी. असाच जळत राहिलो तर एक दिवस जपमाळ टाकून निघून जाईन मी.”

“कृष्णामाई हवी?”

“हवी.”

“एवढंच ना...” बुवा म्हणाले आणि त्यांनी विसोबाला हाक मारली.

विसोबानं त्याच संध्याकाळी वळकटी उचलली आणि हसत हसत घाण्यामागं राहायला गेला. मार्तंडाला ते हसणंही सोसलं नाही. बेट्याला निदान वाईट तरी वाटायचं!

पण खोली मिळाली. उन्हाळाभर मार्तंड दारात बसून जप करायचा, तोही अशा बेतानं की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. श्रावणात नदी चढू लागली.

घाटावरच्या घरांची एक जुनी रीत आहे. त्यांच्या लेखी कृष्णा ही माहेरवाशीण. ती पायऱ्या चढून वर यायला लागली की माणसं धान्य, अंथरुणं पोटमाळ्यावर टाकतात, दारं सताड उघडतात आणि खणानारळानं तिची ओटी भरतात. दारात आलेल्या लेकीच्या तोंडावर दार लावायचं नसतं. ती आत येते, घटकाभर थांबते, आपल्या वाटेनं जाते. मग घरदार मिळून गाळ उपसतं.

शेजाऱ्यांनी मार्तंडाला हे सगळं सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली होती. आता मात्र त्यानं दाराला आतून कडी घातली, आडणा सरकवला आणि उंबऱ्यावरच्या फटीत गोणपाट कोंबायला बसला.

बाहेरून विसोबाचा आवाज आला. “मार्तंडा, नशीबवान आहेस बाबा! मी होतो तोवर ती कधी इतकी वर आली नाही. माझाही एक नारळ घाल तिच्या ओटीत.”

आला जखमेवर मीठ चोळायला, मार्तंडाला वाटलं.

“तुझी खोली कोरडी आहे ना? मग तुला काय जातंय बोलायला!” तो आतूनच ओरडला. खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला तेल्याच्या बैलाचासुद्धा हेवा वाटत होता.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. बुवा होते, गुडघाभर पाण्यात उभे; शेजारी नारळ घेऊन विसोबा.

“उघड.”

“बुवा, दार उघडलं तर पाणी आत येईल!”

“कोण येईल?”

“पाणी, बुवा... पाणी!”

मार्तंडानं गोणपाट आणखी घट्ट दाबलं.

बुवांनी विसोबाच्या हातातला नारळ घेतला आणि पाण्यात सोडला. तो तरंगत दाराशी गेला आणि फळीवर आपटू लागला. टक्... टक्...

“विसोबाच्या दारात होती तोवर कृष्णामाई होती ना रे... तुझ्या दारात आली आणि पाणी झाली?”