वेळशेतचा खोडा

वेळशेतच्या चावडीसमोर दोन जाड सागवानी ओंडके एकावर एक पडलेले आहेत. त्यांच्या सांध्यात पाय अडकतील एवढी दोन भोकं. पाहुणे त्यावर बसून फोटो काढू लागले, की गावातले म्हातारे धोंडूबाबा त्यांना उठवतात. हा खोडा आहे, बाक नाही, एवढं बजावून मग सांगू लागतात.

पूर्वी गुन्हेगाराचे पाय यात अडकवून त्याला बाजारच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवत. येणारा-जाणारा शेण मारी, थुंके. रीत अशी, की खोड्याची पाचर तक्रार करणाऱ्यानंच ठोकायची. तक्रार खोटी निघाली, तर पुढच्या बाजारी त्याचेच पाय आत.

भिवरा तरुणपणीच विधवा झालेली. तिच्या भातखाचराच्या खालीच तिच्या दिराचं, गोंदाचं खाचर. एका बाजारच्या सकाळी तिचा बांध कुदळीनं फोडल्यासारखा फुटलेला दिसला आणि पाणी सगळं गोंदाकडे गेलेलं. भिवराच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक चावडीवर गेली. गोंदा नाही नाही म्हणत राहिला, पण पाणी त्याच्याच शेतात उभं होतं. त्याचं कोण ऐकणार? ती पाचर ठोकू लागली तेव्हा तो एवढंच म्हणाला, असं सांगतात, "वैनी, बेतानं. बोटाला लागंल."

दुपारी ती बांध घालायला गेली. चिखलात हात घातला तर खेकड्याचं बीळ लागलं, या बाजूनं त्या बाजूला आरपार. खेकड्यांनीच बांध पोखरला होता. धावत जाऊन पाचर काढावी, तर पुढच्या बाजारी आपल्या तोंडावर शेण. भिवराची हिंमत झाली नाही. तिनं बीळ चिखलानं बुजवलं आणि घरी जाऊन चूल पेटवली. धोंडूबाबा तिच्याच घराण्यातले, तरी इथं तिची बाजू घेत नाहीत.

संध्याकाळी सुटल्यावर गोंदानं ओढ्यावर तोंड धुतलं आणि तसाच घाट उतरून गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

पुढच्या बाजारी भिवरा आपणहून चावडीवर आली. सगळं कबूल केलं, खोड्यात पाय घातले आणि पाचर ठोका म्हणाली.

"ठोकायची कुणी?" पाटील म्हणाले. "आता तक्रार गोंदाची, आणि तो तर गाव सोडून गेला."

मरेपर्यंत ती दर बाजारी तिथं येऊन बसे म्हणे. कुणी शेण मारलं नाही, कुणी ऊठही म्हटलं नाही.

आजही वेळशेतात बांध फुटला, की माणूस शेजाऱ्याला जाब विचारण्याआधी बांधात कोपरापर्यंत हात घालून खेकडा शोधतो. सापडला तर प्रश्नच मिटला. नाही सापडला, तरी सापडला म्हणतात.