बंद माग

"पण बाबा, यात पाप कुठं आलं?"

"मी पाप म्हटलंच नाही. तूच म्हणालास."

निवृत्ती सातपुते ओशाळला. गावातला मोठा कापड कारखानदार, पण नदीकाठच्या दर्ग्यात दस्तगीरबाबांपुढं तो नेहमी मातीतच बसायचा. आज मात्र त्याला धीर नव्हता. धोट्याचे जुने माग काढून त्यानं परदेशी माग बसवले होते. एक माणूस अख्खी रांग सांभाळायचा. बाकीची माणसं त्यानं घरी बसवली होती.

"तुम्ही एकदा येऊन बघा, बाबा. मागावर हात ठेवून दुवा द्या. मग काय बोलायचं ते बोला."

बाबा उठलेच.

कारखान्याच्या फाटकाशी काही माणसं उभी होती. कामावरून काढलेली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पाळीच्या वेळेला पाय आपसूक इकडं वळलेले, एवढंच. त्यांत आप्पासो भंडारे होता. निवृत्ती मिसरूड फुटायच्या वयाचा असताना यानंच त्याला माग चालवायला शिकवलं होतं.

"चल आप्पा, आपणही बघू," बाबा म्हणाले आणि त्याचा हात धरून आत गेले.

निवृत्तीला नाही म्हणता आलं नाही.

आत बोललेलं ऐकू येईना, एवढा आवाज. सूत इकडून तिकडं नेणारा धोटा मागाला नव्हताच. हवेच्या झोतासरशी सूत या टोकाकडून त्या टोकाला जाई. जाताना दिसतही नसे. दिसे ते फक्त कापड... पांढरंशुभ्र, पाटाला पाणी सोडावं तसं येतच राहिलेलं.

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले.

"वा रे खुदा... माणसाच्या डोक्यात काय काय ठेवलंस!"

निवृत्तीची मान ताठ झाली.

आप्पासो मागाला जवळजवळ नाक लावून उभा होता.

"मालक, सूत कुठाय?" तो ओरडला. "सूत दिसंनाच की!"

"दिसायचं नाही, आप्पा! नजर पुरत नाही!"

"आयला... न्हाईच की पुरत!"

दोघं पोरांसारखे हसले. घटकाभर कोण मालक आणि कोण काढलेला, हे राहिलंच नाही.

मग निवृत्ती बाबांच्या कानाशी वाकला.

"बाबा, दुवा द्या. हे कधी थांबू नये."

"आधी बंद कर."

"आं?"

"सगळं बंद कर."

निवृत्तीनं खूण केली. एकेक माग थांबत गेला. शेवटचाही थांबला...

 बाबा आप्पासोच्या हातांकडं बघत होते. निवृत्तीनंही तिकडं पाहिलं.

आप्पासोची नजर अजून कापडावरच होती. बोटं मात्र चालली होती. तुटलेलं सूत चिमटीत धरायचं, पीळ द्यायचा, गाठ मारायची, सोडायचं. पुन्हा धरायचं. बोटांत सूत नव्हतं. बोटं चाललीत, हे त्या माणसाला ठाऊकही नव्हतं.

निवृत्ती दोन पावलं पुढं सरकला. जन्म यंत्रांत गेला होता त्याचा, पण असं काही त्यानं पाहिलं नव्हतं. नकळत त्यानं पायातल्या चपला काढल्या.

"बाबा..." त्यानं विचारलं. "हे... हे कधीपासून चाललंय?"



पुढं निवृत्तीनं ती माणसं परत घेतली. नव्या मागांवर शिकवली. ज्यांना जमेना, त्यांनाही कारखान्यातच दुसरं काम दिलं. पण ते नंतरचं. त्या सकाळी बाबांनी आप्पासोच्या चालत्या बोटांकडं हात केला, आणि अगदी हळू म्हणाले,

"आता हे बंद करून दाखव."